ओएस मागे नेता येते, पूल नेता येत नाही

आज झेडएफएसबद्दल बोलूया. प्रश्न दोन आहेत. पूल बिघडला तर काय करायचं? आणि ओएसची नवीन रिलीज आली की अपडेट कधी करायचं? ऐकायला वेगळे वाटतात. पण घरात जुना पीसी स्टोरेज बॉक्स म्हणून लावलाय, त्यावर घरच्यांचे दहा वर्षांचे फोटो आहेत, असं असेल तर हे दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत.

पूल म्हणजे काय, थोडक्यात सांगतो. दोन किंवा जास्त डिस्क एकत्र करून झेडएफएस त्यांची एकच मोठी जागा बनवतं. मिरर केला तर प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती राहतात. प्रत्येक ब्लॉकचा चेकसम वेगळा साठवलेला असतो. वाचताना तो जुळला नाही तर दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्ती होते.

आता आपल्या टिटवाळ्यात पावसाळ्यात लाइट जाणं काही नवीन नाही. लाइट गेली की पूल खराब होतो का? सहसा नाही. झेडएफएस जुन्या ब्लॉकवर थेट लिहीत नाही. नवीन जागी लिहितं, आणि सगळं नीट उतरलं की मगच पत्ता बदलतं. त्यामुळे शेवटच्या काही सेकंदांचं काम जाऊ शकतं, बाकी पूल शाबूत राहतो. अट एकच, डिस्कने खोटं बोलता कामा नये, म्हणजे 'लिहिलं' म्हणाली तर खरंच लिहिलेलं असलं पाहिजे. तरी यूपीएस लावाच.

समजा, एक दिवस पूल 'डिग्रेडेड' दिसला. पहिली गोष्ट, लगेच काही करू नका. 'झेडपूल स्टेटस डॅश व्ही' चालवा आणि आउटपुटचा फोटो काढून ठेवा. त्यात तीन कॉलम असतात: रीड, राइट, चेकसम. रीड किंवा राइटमध्ये आकडे असतील तर डिस्क मरायला लागली असेल किंवा केबल ढिली असेल. एकाच डिस्कवर फक्त चेकसमचे आकडे असतील तर आधी केबल बदलून बघा. आणि सगळ्याच डिस्कवर चेकसमचे आकडे दिसत असतील, तर सगळ्या डिस्क एकाच दिवशी मेल्या असं सहसा होत नाही. रॅम, कंट्रोलर, पॉवर सप्लाय यांच्यावर संशय घ्या. अशा वेळी नवीन डिस्क आणून काहीच सुटत नाही.

डिस्क काढायची वेळ आलीच तर सीरियल नंबर जुळवून काढा. डिग्रेडेड मिररमधली चांगली डिस्क उपटली तर पूल तिथेच थांबतो.

दुसरं, 'अॅटॅच' आणि 'अॅड' यांत फरक आहे. 'झेडपूल अॅटॅच'ने मिररला आणखी एक प्रत मिळते. 'झेडपूल अॅड'ने पूलला नवीन स्वतंत्र भाग जोडला जातो. ती एकटी डिस्क पुढे गेली की अख्खा पूल गेला. आणि पूलमध्ये रेड-झेड असेल तर ती परत काढताही येत नाही.

तिसरं, पूल इम्पोर्टच होत नसेल तर सरळ 'डॅश एफ' मारत सुटू नका. आधी रीड-ओन्ली इम्पोर्ट करून बघा. झाला तर सगळा डेटा बाहेर काढा, दुरुस्ती नंतर. कॅपिटल एफवाला इम्पोर्ट शेवटचे काही व्यवहार टाकून मागे जातो, म्हणून तो आधी 'डॅश एन' जोडून चालवा. मग तो प्रत्यक्ष काही न करता फक्त जमेल की नाही ते सांगतो.

आता रिलीजकडे येऊ. ऑक्टोबर 2023 मध्ये ओपनझेडएफएस 2.2.0 आलं, ब्लॉक क्लोनिंग हे नवीन फीचर घेऊन. नोव्हेंबरमध्ये एका जेंटू युजरने कळवलं की गो इन्स्टॉल करताना काही फाइलींमध्ये मजकुराच्या जागी शून्यं येतायत. संशय साहजिकच नवीन फीचरवर गेला. 2.2.1 मध्ये ते बंद केलं. तरी गडबड थांबली नाही. मूळ दोष जुनाच निघाला: फाइलमध्ये अजून डिस्कवर न गेलेला मजकूर आहे का, ही तपासणी क्वचित चुकायची. मग कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला वाटायचं, इथे फाइल रिकामी आहे. 30 नोव्हेंबरला 2.2.2 आणि 2.1.14 मध्ये दुरुस्ती आली.

यात काळजीची गोष्ट अशी की स्क्रब करून हे कळलं नसतं. चुकीच्या कॉपीत शून्यं लिहिली गेली, आणि त्या शून्यांचा चेकसम अगदी बरोबर होता. चेकसम एवढंच सांगतो की लिहिलं तेच वाचलं. जे लिहिलं ते बरोबर होतं का, हे तो सांगत नाही. म्हणून मिरर म्हणजे बॅकअप नाही, आणि बॅकअप वेगळ्या मशीनवर हवा.

फ्रीबीएसडी 14.0 बरोबर याच काळात, 20 नोव्हेंबर 2023 ला आली. पण त्यांनी ब्लॉक क्लोनिंग मुळातच बंद ठेवून दिलं होतं, आणि जुन्या दोषाचा पॅच डिसेंबरच्या सुरुवातीला आला. रिलीजचं नियोजन म्हणजे हेच. तारीख ठरलेली असते, पण भरवसा नसलेलं फीचर गाडीत बसवायचं की फलाटावर ठेवायचं हे कुणीतरी ठरवतं. फ्रीबीएसडीचं आता वेळापत्रकच आहे: साधारण दोन वर्षांनी मोठी रिलीज, आणि 15 पासून प्रत्येकीला चार वर्षं सपोर्ट. 15.0 डिसेंबर 2025 मध्ये आली. पण 14 चा सपोर्ट नोव्हेंबर 2028 पर्यंत आहे, म्हणजे घाई कुणालाच नाही. कल्याणला टिटवाळा लोकल चुकली तर बराच वेळ उभं राहावं लागतं, तरी चालत्या गाडीत उडी मारायची नसते. तसंच हे.

लिनक्सवाल्यांसाठी एक जादा गोष्ट. लायसन्समुळे झेडएफएस लिनक्स कर्नलच्या आत नाही, वेगळं मॉड्यूल आहे. 2010 मध्ये पुण्याच्या केक्यू इन्फोटेकने असं मॉड्यूल आणलं होतं. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या कामात फाइलसिस्टिम माउंट करायचा थर तेव्हा नव्हता, तो या पुण्याच्या टीमने लिहिला. प्रयोगशाळेचं काम पुढे चालू राहिलं आणि आज आपण वापरतो ते ओपनझेडएफएस त्याच वाटेने आलंय. पण मॉड्यूल वेगळं असल्यामुळे नवीन कर्नल घेण्याआधी ओपनझेडएफएस तो कर्नल चालवतं का, हे रिलीज नोट्समध्ये बघावंच लागतं.

आता दोन्ही प्रश्न जिथे भेटतात तिथे येतो. ओएस अपडेट केल्यावर 'झेडपूल स्टेटस' म्हणतं, काही फीचर्स अजून चालू नाहीत, 'झेडपूल अपग्रेड' चालवा. वाचून वाटतं, काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काहीही नसतं. ओएसचं बूट एन्व्हायर्नमेंट ठेवलं असेल तर जुन्या आवृत्तीवर दोन मिनिटांत परत जाता येतं. पण पूल अपग्रेड केला की जुन्या ओएसला तो उघडता येईलच असं नाही, आणि बूटलोडर जुना राहिला तर मशीन सुरूही होणार नाही. आधी चेकपॉइंट घेतला असेल तर मागे जाता येतं, पण त्यानंतर लिहिलेलं सगळं जातं.

म्हणून क्रम असा ठेवा. बॅकअप घ्या आणि त्यातल्या चार फाइली उघडून बघा. स्क्रब करा. पूल आजारी असेल तर अपडेट पुढे ढकला. बूट एन्व्हायर्नमेंट बनवा, मग ओएस अपडेट करा. पॉइंट-झिरो रिलीज असेल तर महिनाभर एराटा वाचत थांबा. नवीन ओएस महिना-दोन महिने नीट चालली, परत जायची गरज नाही अशी खात्री झाली, की मगच पूल अपग्रेड. आणि नवीन फीचर नको असेल तर तो कधीच केला नाही तरी चालतं.

तुमच्या पूलचं स्टेटस आज एकदा बघा आणि काय दिसलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात.