मनाचे दुखणे आणि हृदय



बी.पी. आणि साखर यांविषयी आपण आता उघड बोलतो. पण घरातले माणूस गप्प गप्प राहू लागले, त्याची झोप उडाली, जेवणावरून मन उडाले, तर आपण म्हणतो, "आळस भरलाय." तो आळस नसून नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्याचा हृदयाशी जवळचा संबंध आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

मूळचे केरळचे, बंगळूरला वैद्यकी शिकलेले डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली भारतासह ५२ देशांत सुमारे ३०,००० माणसांचा 'इंटरहार्ट' हा अभ्यास झाला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. हृदयविकाराच्या झटक्याशी निगडित अशा ९ प्रमुख गोष्टींत तंबाखू, रक्तदाब, मधुमेह यांच्याच रांगेत मनावरचा ताण व नैराश्य आढळले. शिवाय आपल्या दक्षिण आशियात पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे आधीच येतो, हेही दिसले.

हे घडते कसे? मन खचले की ताणाची संप्रेरके वाढतात, नाडी व रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. त्यातच माणूस चालणे सोडतो, विडी-सिगारेट वाढवतो, गोळ्या चुकवतो. उलट, झटक्यातून वाचलेल्यांपैकीही सुमारे पाचांत एकाला नैराश्य गाठते.

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात मासेमारी बंद होते, हात रिकामे होतात. आखातातली नोकरी सुटून आलेला बाप "मी ठीक आहे" म्हणत खोलीत बसतो. नवरा परदेशी असलेली बाई आपले दुखणे कोणाला सांगणार?

प्रत्येक दुःख हा आजार नव्हे आणि नैराश्य आले म्हणजे झटका येणारच, असेही नाही. पण उदासी दोन आठवडे हटली नाही, तर डॉक्टरांकडे जा आणि त्यांना मनाचेही सांगा. यावर उपचार आहेत. मात्र रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या सोडू नका. १४४१६ या सरकारी 'टेलि-मानस' क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. जगणे नकोसे वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. छातीत दुखून घाम फुटला, तर "गॅस असेल" म्हणत बसू नका, १०८ ला फोन करा.

विद्यार्थी मित्रहो, आज रात्री जेवताना घरातल्या अबोल माणसाशेजारी बसा. "अब्बा, बरे वाटत नाही का?" एवढे विचारा आणि उत्तर पुरते ऐकून घ्या.