'शिकतेय अजून'

मुलींच्या लग्नाचे किमान वय कायद्याने 18 केले 1978 मध्ये. तरीही 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 47 टक्के जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधीच उरकलेले आढळले. 2019-21 मध्ये हे प्रमाण 23 टक्क्यांवर आले. कायद्याला इतकी वर्षे जे जमले नाही, ते पुढच्या पंधरा वर्षांत कशाने झाले? कारणे अनेक आहेत. पण शाळा-कॉलेजचा हजेरीपट पाहिल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. 2021-22 मध्ये उच्च शिक्षणातले मुलींच्या नोंदणीचे प्रमाण 28.5 टक्के होते, मुलांपेक्षा किंचित जास्तच. माझ्या मते लग्न लांबते ते पदवी हाती पडण्याच्या कितीतरी आधी, प्रवेश घेतला तेव्हाच. वयात आलेली मुलगी घरी बसली की भावकी चौकशा करू लागते. 'शिकतेय अजून' हे उत्तर आईबापांना चारचौघांत ताठ मानेने देता येते. 'तिला इतक्यात करायचे नाही' हे येत नाही.

यावर कोणी म्हणेल, ज्यांना लग्नाची घाई नसते तेच मुलीला शिकवतात, शिक्षणाला श्रेय कशाला? यात तथ्य आहे, पण अर्धेच. तुर्कस्तानात 1997 मध्ये सक्तीचे शिक्षण पाचाऐवजी आठ वर्षांचे झाले. तिथे पालकांच्या मर्जीचा प्रश्नच नव्हता, तरी मुलींची लवकरची लग्ने कमी झाली. उदाहरण शाळेचे आहे हे मान्य. मात्र वर्गात बसलेल्या मुलीचे लग्न ठरवणे जड जाते, हे कॉलेजलाही लागू पडते. जास्त शिकली की स्थळ मिळत नाही, ही तक्रार मला शिक्षणाविरुद्धची वाटतच नाही. नवरा बायकोहून वरचढच हवा, या हट्टाचे ते फळ आहे.

खरी अडचण फीच्या पलीकडे आहे. महाराष्ट्राने 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, हे चांगलेच झाले. पण बीडकडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या वाटेला लागतात. मागे राहिलेल्या मुलीला कोणाच्या भरवशावर ठेवायचे? त्यात मुकादमाची आगाऊ उचल कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. लग्न लावून दिले की एक कोयता वाढतो. एस.टी.चा मोफत पासही मुलींना बारावीपर्यंतच. तालुक्याच्या कॉलेजातून सायंकाळी गावाकडे गाडी नसेल, तर फीमाफीचा अर्ज भरणार कोण? या भागात मुलींची वसतिगृहे हवीत, आणि ती गाळपाच्या हंगामाकडे बघून चालवायला हवीत: ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी प्रवेश, आणि त्या परतेपर्यंत, दिवाळीच्या सुटीतसुद्धा, मेस चालू.