भट्टीचा बिघाड आणि शोधाची शिस्त
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्यातील काही तरुण जळगाव व धुळे येथे बेकरीच्या धंद्यात उतरले आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. लाकडाच्या भट्टीच्या जागी त्यांनी विजेची कन्व्हेयर भट्टी आणली आहे. सरकत्या पट्ट्यावरून कच्चा माल एका तोंडाने आत जातो व दुसऱ्या तोंडाने भाजून बाहेर पडतो. ही भट्टी बहुधा कर्जाची असते. ती बंद पडली की मळलेले पीठ वाया जाते, हप्ता मात्र थांबत नाही. त्या घाईत जो अविचार होतो तो जिवावर बेतू शकतो. म्हणून हा विषय निवडला.

गणिताच्या तासाला आम्ही मुलांना सांगत असू की, दिलेले काय व काढावयाचे काय, हे आधी लिहा. येथेही तोच नियम. पट्टा फिरतो काय? पंखा फिरतो काय? सगळी भट्टी थंड आहे की एकच भाग? ही लक्षणे प्रथम वहीत लिहावीत. एकच भाग थंड असेल तर एक फेज गेली असेल किंवा त्या भागाचा हीटर तुटला असेल. तीन फेजची मोटर फिरत नाही, नुसती गुणगुणते, तर एक फेज गेल्याचा संशय घेऊन ती तत्काळ बंद करावी. अन्यथा तिची गुंडाळी जळेल. पंखा थांबल्यास पुष्कळ भट्ट्यांत हीटरची वीज आपोआप तुटते. तेथे हीटर बदलणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

हीटर शाबूत आहे की नाही, हे साध्या गणिताने कळते. २३० व्होल्टवर चालणारा २००० वॉटचा हीटर घ्या. २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे सुमारे २६ ओहम. वीज तोडून, हीटरच्या तारा सोडवून मीटर लावावा. उत्तर २६ च्या जवळपास आले तर हीटर तुटलेला नाही. मग तारांचे सांधे पाहावेत. सैल सांध्याचा विरोध केवळ ०.१ ओहम असला आणि त्यातून ३० अँपिअर प्रवाह गेला, तरी तेथे ९० वॉट उष्णता निर्माण होते. काळवंडलेले वेष्टन ही त्याची खूण होय.

आपल्या खानदेशात ऋतूचाही विचार करावा लागतो. वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. एमसीबी मात्र सामान्यतः ३० अंश उष्णतेस अनुसरून बनविलेला असतो. भट्टीलगतच्या तापलेल्या पॅनेलमध्ये तो योग्य प्रवाहावरही पडतो. अशा वेळी पॅनेलला वारा द्यावा किंवा ते दूर न्यावे. मोठा एमसीबी बसवू नये, कारण मागची तार तीच असते व ती जळते.

पावसाळ्यात याउलट घडते. हीटरच्या नळीतील मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ओलावा शोषते. चार दिवस बंद राहिलेली भट्टी चालू करताच गळती होऊन आरसीसीबी पडतो. वायरमनने एकेक हीटर वेगळा करून मेगरने तपासावा व ओला हीटर सुकवावा. परंतु काही जण तो स्विचच वगळून तार सरळ जोडतात! बंधूंनो, मनुष्याच्या रक्षणासाठी बसविलेला आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळतीला पडतो, कारण त्याहून अधिक प्रवाह काळजाला घातक ठरू शकतो. तो वगळला, तर पुढे ओल्या हाताने भट्टीच्या पत्र्याला शिवणारा आपलाच मुलगा किंवा कामगार असेल.

म्हणून झाकण उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून त्यास कुलूप घालावे आणि किल्ली आपल्या खिशात ठेवावी. तिन्ही फेज मृत असल्याची मीटरने खात्री करावी. दुरुस्ती परवानाधारक वायरमनकडूनच करवावी. लक्षणांची वही त्याच्या हाती द्यावी, म्हणजे त्याचा वेळ व आपला पैसा वाचेल. गल्ल्यावर बसणाऱ्या भगिनींनाही मुख्य स्विच कोठे आहे हे ठाऊक असावे. प्रसंगी तो बंद करणारा हात त्यांचाच असू शकतो.