काळ्या हातमोज्यांची गायिका



कलावंत बाईचा विषय निघाला की 'दिसायला कशी होती?' हा प्रश्न आधी येतो. पॅरिसच्या इव्हेत गिल्बेरला हा प्रश्न आयुष्यभर पुरला.

तिचा जन्म १८६५चा. घरी गरिबी, म्हणून लहानपणापासून आईबरोबर शिवणकाम. मग दुकानात नोकरी, नाटकांत किरकोळ भूमिका आणि शेवटी गाणं. खातपीत गाणी ऐकायच्या तिथल्या जागांच्या मालकांना गायिका भरल्या अंगाची लागे. इव्हेत हडकुळी, लांब मानेची. अंग भरलेलं दाखवायचा खटाटोप तिने केला नाही. साधा झगा आणि कोपराच्या वर जाणारे काळे हातमोजे, एवढाच तिचा वेश. काळे का, तर स्वस्त पडत म्हणून, असं तिनेच पुढे सांगितलं.

ती जवळजवळ स्थिर उभी राहून, अर्धं बोलत अर्धं गात, शब्द न् शब्द पोचवायची. गाणी बहुतेक पुरुषांनी लिहिलेली, पण निवड तिची. दारुडी बाई, शरीर विकणारी बाई, पॅरिसची गोरगरीब माणसं तिच्या गाण्यांत असत. हसता हसता ऐकणारा गप्प होई.

चित्रकार तुलूझ-लोत्रेकने १८९३ साली एका जाहिरात-चित्रात तिला मंचावर दाखवलं, तेही डोकं कापून! नुसत्या हातमोज्यांवरून लोकांनी तिला ओळखलं. तो आपल्याला कुरूप काढतो, अशी तिची तक्रार होती. तरी १८९४ साली त्याने तिच्यावर काढलेल्या चित्रसंग्रहाच्या शंभर प्रतींवर तिने सह्या केल्या. दुखावणं आणि कामाची कदर, दोन्ही खरं.

पुढे मूत्रपिंडाच्या आजाराने ती खचली. उठली तेव्हा जुनी यशस्वी गाणी बाजूला ठेवून तिने मध्ययुगीन फ्रेंच गाणी शोधली, अभ्यासली, देशोदेशी गायली. न्यूयॉर्कमध्ये शाळा काढून मुलींना शिकवलं. १९२६ साली मूर्नाउच्या 'फाउस्ट' या मूकपटात तिने मार्थाची भूमिका केली. गाण्याच्या कलेवर पुस्तक लिहिलं. १९३२ साली फ्रेंच सरकारचा मोठा किताब मिळाला. १९४४ साली ती गेली.

तिला आपल्या चळवळीचं लेबल लावायला नको. पोटासाठी ती बाजारात उभी राहिली, आणि बाजाराची एक अट तिने मानली नाही. वय वाढलं, शरीर बदललं, तरी काम थांबलं नाही, कारण ते चेहऱ्यावर उभं नव्हतं. आता चर्चेला एक प्रश्न ठेवते: बाईच्या कामाची किंमत करताना आपण स्वतः आधी काय पाहतो?