उळवीची वाट

संकट आले म्हणजे देवाने ते दूर करावे, एवढीच अपेक्षा पुष्कळ भाविक बाळगतात. संकट टळले नाही की श्रद्धा डळमळू लागते. अशा वेळी जोयडा, म्हणजे पूर्वीच्या सुपे तालुक्यातील उळवी क्षेत्राचा इतिहास भक्तजनांनी अवश्य आठवावा.

बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कल्याण नगरीत सर्व जातींच्या शरणांना एकत्र आणले. त्यांनी आरंभी राजसेवा केली ते मंगळवेढे आज सोलापूर जिल्ह्यात आहे. तेव्हा मराठी भक्तांना हा इतिहास परका नव्हे. चांभार हरळय्याचा पुत्र आणि ब्राह्मण मधुवरसाची कन्या यांचा विवाह झाला, म्हणून बिज्जळ राजाने दोन्ही पित्यांना देहदंड दिला, असे परंपरा सांगते. पुढे ११६७ च्या सुमारास बिज्जळाचाही वध झाला आणि शरणांवर आकाश कोसळले. देवाने कल्याण वाचविले नाही, हे येथे स्पष्टच म्हटले पाहिजे.

तथापि बसवेश्वरांचा तरुण भाचा चन्नबसवण्णा खचला नाही. माता अक्क नागम्मा आणि शरणसमुदाय यांना घेऊन त्याने ४०० किलोमीटरांहून दूर असलेल्या सह्याद्रीच्या अरण्याची वाट धरली. पाठलाग करणाऱ्या सैन्याशी झुंजण्यास परिटाचे कायक करणारा मडिवाळ माचिदेव पुढे झाला, असे सांगतात. घरदार सुटले होते, पण प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग होते. त्यांचा देव देवळात मागे राहिलेला नव्हता! वाटेत सूर्योदय जेथे होई तेथे ते लिंग तळहातावर घेऊन पूजा करावी आणि पुढे चालू लागावे. निराश्रितांना बळ मिळाले ते या नित्यनेमातून. उद्याचे काहीच ठाऊक नसता आजची पूजा चुकू न देणे, ही त्यांची ईश्वरनिष्ठा होती. सामानाबरोबर वचनांच्या ताडपत्रांचे गठ्ठेही त्यांनी जपून नेले, अशी श्रद्धा आहे.

उळवीस पोहोचल्यावरही सुख फार काळ लाभले नाही. चन्नबसवण्णा तेथेच लिंगैक्य झाला. अक्क नागम्मेच्या नावाची गुहा तेथे आहे. वचने मात्र मठामठांतून, घराघरांतून पिढ्यान् पिढ्या जपली गेली आणि १९२३ मध्ये फ. गु. हळकट्टी यांनी 'वचनशास्त्रसार' छापून ती सर्वांच्या हाती दिली. माघी पौर्णिमेच्या यात्रेस बेळगाव-धारवाडकडील शेतकरी आजही बैलगाड्या जुंपून, मुक्काम करीत, त्याच अरण्यातून समाधीच्या दर्शनास जातात.