मुलाखत कोणासमोर चालली आहे?



पुढच्या महिन्यात तुम्ही जळगाव आणि धुळ्यातल्या वस्त्यांमध्ये मुलाखती घ्यायला जाणार आहात. प्रश्नावली तयार आहे, रेकॉर्डिंगला मोबाइल आहेत. मला प्रश्नावलीत नसलेल्या गोष्टींबद्दल बोलायचं आहे.

मुलाखती हव्यातच कशाला, असं काही जण विचारतात. 2006 मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला, 2013 मध्ये राज्याच्या महमूद-उर-रहमान समितीचा. आकडे आहेत की! आहेत, आणि ते पाठ असायला हवेत. पण मुलीची शाळा का सुटली, या प्रश्नापुढे फॉर्ममध्ये ‘आर्थिक अडचण’ असा पर्याय असतो आणि घरचे त्यावरच खूण करतात. धुळ्यात एका यंत्रमाग कामगाराच्या घरी तासभर बसले, तेव्हा कळलं की पैशांची ओढाताण होतीच. पण जवळची उर्दू शाळा सातवीपर्यंतच, पुढची लांब, आणि बरोबर जाणाऱ्या मैत्रिणीचं लग्न ठरलं. सोबत तुटली म्हणून हीसुद्धा घरी बसली. असा रकाना मी कुठल्याच फॉर्मात पाहिलेला नाही.

आता कच्ची बाजू. माणूस कोणासमोर बोलतोय, यावर तो काय बोलणार हे ठरतं. 1982 मध्ये जळगावात मुस्लीम स्त्रियांवर सिनेमाबंदी लादली गेली आणि रझिया पटेल यांनी तिच्याविरुद्ध लढा दिला, हे तुम्हाला माहीत असेल. समजा, तेव्हा कोणी घरोघर जाऊन सासऱ्यांसमोर सुनेला विचारलं असतं, ‘बंदी मान्य आहे का?’ ती काय म्हणाली असती? आणि तेच ‘स्त्रियांचं मत’ म्हणून छापून आलं असतं.

उलटही घडतं. आपण सुधारणावाले आहोत हे कळलं, की काही जण आपल्याला आवडेल तेच सांगतात. तलाकबद्दल विचारताना मला हीच भीती जास्त वाटते, कारण ते उत्तर आपल्याला गोड लागतं आणि आपण पुढे विचारतच नाही.

रावेर-यावलकडच्या तडवी घरांत ‘तुम्ही कोण?’ असं विचारून बघा. दाखल्याचं काम करणाऱ्याला उत्तर मिळेल ‘तडवी भिल्ल’, जमातीसोबत आलेल्याला ‘मुसलमान’. दोन्ही खरं. म्हणून उत्तराशेजारी विचारणारा कोण होता, कुठल्या बोलीत विचारलं, घरात कोण कोण बसलं होतं, हेही लिहा.

तुमच्यापैकी काही जण 8 मे 1970 च्या जळगाव दंगलीबद्दल वृद्धांशी बोलणार आहात. भिवंडी, जळगाव आणि महाडच्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. आयोगापुढे साक्षीदाराची उलटतपासणी होते. आपल्या मुलाखतीत ती करायला कोणी नसतं; त्यात मध्ये पन्नासहून जास्त वर्षं गेली. पाहिलेलं आणि ऐकलेलं एकमेकांत मिसळतं. ‘काय झालं?’ यापेक्षा ‘तुम्ही स्वतः कुठे होता?’ असं विचारा, मग अहवालाशी ताडून बघा. पण रात्र कोणाच्या घरात काढली, कोणी दार उघडलं नाही, शेजाऱ्याशी पुन्हा बोलणं कधी सुरू झालं, हे त्यांच्याकडूनच कळेल. तेव्हाचे विशीतले आता सत्तरी ओलांडून गेलेत. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

धुळ्यात जानेवारी 2013 मध्ये पोलिस गोळीबारात सहा जण मारले गेले. त्यांच्या घरी प्रश्नावली घेऊन जाऊ नका. त्या आईबापांना तेच तेच किती जणांनी विचारलं असेल! त्यांना बोलायचं असेल तर ओळखीच्या माणसाकडून निरोप येईल.

शेवटचं, नाव बदलण्याबद्दल. पुण्या-मुंबईत नाव बदललं की बहुधा भागतं. मोहल्ल्यात भागत नाही. ‘मेहरूणमधली, तलाक झालेली, शिवणकाम करणारी, तीन मुलींची आई’ असं लिहिलंत, तर नावाची गरजच काय? आपण संध्याकाळी बसने निघून येतो. तिला तिथंच राहायचं असतं. व्यवसाय, वस्ती, मुलांची संख्या, यातलं जे लागत नाही ते गाळा. लिहून झालं की परत जाऊन तिला वाचून दाखवा. ‘हे काढा’ म्हणाली तर काढायचं, ते तुमच्या लेखातलं सगळ्यात चांगलं वाक्य असलं तरी.