ट्रॅकवरचा पहिला दिवस: आधी थांबायला शिका

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, कुठेही असाल, हेडफोन नीट लावा. फक्त स्वतः गाडी चालवत असाल तर हा एपिसोड घरी पोहोचल्यावर ऐका. कारण विषयच असा आहे की ऐकता ऐकता उजवा पाय जड व्हायचा.

आज बोलायचंय ट्रॅक डेबद्दल. ट्रॅक डे म्हणजे रेस नाही हं. तिथे नंबर नाही, ट्रॉफी नाही. पैसे भरायचे, आपली रोजची गाडी घेऊन जायचं आणि बंदिस्त ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये ती जोरात चालवायला शिकायचं. आपल्याकडे यासाठी मोठी नावं तीन. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, ५.१२५ किलोमीटरचं, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, साधारण ३.७ किलोमीटर. आणि कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, जेमतेम २.१ किलोमीटर.

आपण आज करीचं उदाहरण धरू. हे नाव एस. करिवर्धन यांच्यावरून आलंय. मारुती ८०० चं इंजिन लावून फॉर्म्युला मारुती नावाची रेस कार बनवणारा हा माणूस. म्हणजे साध्या गाडीच्या सामानातून रेसिंग उभं करणाऱ्याचा ट्रॅक. आपल्या स्विफ्ट-पोलोवाल्यांना हा जवळचा वाटायला हरकत नाही!

पण अंतर जवळचं नाही. पुण्याहून कोइम्बतूर हजार किलोमीटरहून जास्त आहे. ज्या गाडीनं तुम्ही ट्रॅकवर धावणार, त्याच गाडीनं परत यायचंय. आणि त्या गाडीचे हप्ते अजून चालू असतील तर? इथेच पहिली महत्त्वाची गोष्ट येते.

घरातून निघायच्या आधी गाडीच्या विम्याचे कागद काढा. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटर पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा भाग असतो. त्यात संघटित रेसिंग, वेगाच्या चाचण्या वगैरे वगळलेल्या असतात. ट्रॅकवर गाडी ठोकली तर क्लेम मिळेल हे गृहीत धरू नका. विमा कंपनीला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. वॉरंटीचंही तेच. मग स्वतःला एक प्रश्न विचारा: ही गाडी आज भिंतीला लागली, तर तो खर्च मला झेपेल का? उत्तर 'नाही' असेल तर दोन मार्ग आहेत. एक, प्रशिक्षण देणाऱ्यांची गाडी भाड्यानं मिळत असेल तर ती घ्या. दोन, आपलीच न्या, पण दिवसभर मर्यादेच्या बरंच आत चालवा. घरच्यांना न सांगता बाबांची गाडी नेणं हा तिसरा मार्ग नाहीये.

आता गाडीकडे येऊ. पहिल्या ट्रॅक डेला काय बदलू, असं विचारलं की मित्र सांगतात एक्झॉस्ट लाव, रीमॅप कर. काही नको. पहिल्या दिवशी एकच गोष्ट कमी पडते, ती म्हणजे ब्रेक.

साधं गणित बघा. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. ६० वरून थांबायला ब्रेक जेवढे तापतात, त्याच्या चौपट १२० वरून थांबताना तापतात. आणि गंमत म्हणजे १२० वरून नुसतं ६० वर आलात, तरी ६० वरून पूर्ण थांबण्याच्या तिप्पट उष्णता तयार होते. वेग दोन्हीकडे ६० नंच कमी झाला बरं का! रस्त्यावर असा ब्रेक दिवसातून एखाद वेळा लागतो. करीसारख्या छोट्या ट्रॅकवर वळणामागून वळण येतं, ब्रेकना थंड व्हायला वेळच मिळत नाही.

मग काय होतं? गॅरेजवाले ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात, तो ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषून घेतो. डॉट ४ फ्लुइड नवा असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये, असं त्याचं प्रमाण आहे. पाणी शोषल्यावर तेच प्रमाण १५५ वर येतं. फ्लुइड उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. म्हणजे तुम्ही पेडल दाबता, ते मऊसूत खाली जातं आणि गाडी थांबत नाही. वळण मात्र समोर आलेलं असतं.

म्हणून जायच्या आधी पहिलं काम: ब्रेक ऑइल पूर्ण बदला. नुसतं वरून भरू नका. सीलबंद बाटलीतलं, गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचं घाला आणि लाईनमधली हवा नीट काढून घ्या. पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर बदला, पण आदल्या रात्री नको. नवे पॅड डिस्कवर बसायला थोडं चालवावं लागतं, ते हजार किलोमीटर त्यासाठी आयतेच मिळतात.

दुसरं, टायर. बाजूला फुगा, चीर, तार दिसतेय का बघा. सुरुवात कंपनीनं दारावरच्या स्टिकरवर दिलेल्या थंड हवेनंच करा. गरम झाल्यावर पाच-सहा पीएसआय सहज वाढतात, मग प्रशिक्षक सांगतील तशी थोडी काढा. पण लक्षात ठेवा, गरम टायरमधून काढलेली हवा टायर थंड झाल्यावर कमी पडते. परत निघायच्या आधी ती भरून घ्यायचीच. हवेचं मीटर स्वतःचं न्या.

तिसरं, चाकांचे नट. टॉर्क पान्यानं, पुस्तकातल्या आकड्याइतके आवळा. दिवसात एकदा आणि निघताना एकदा पुन्हा तपासा.

चौथं, गाडी रिकामी करा. डिकीतली स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, डॅशबोर्डवरचा बाप्पा, सगळं बाहेर. बाप्पाला नमस्कार करा आणि बॅगेत ठेवा, उडून कपाळावर नको. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट तर काढाच. ते सरकून पेडलखाली गेलं तर वरची सगळी तयारी वाया.

आता तुम्ही स्वतः. हेल्मेट कुठल्या दर्जाचं चालेल ते आयोजकांना आधी विचारा. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे. पातळ सोलचे बूट, म्हणजे पेडल पायाला कळतं. आदल्या रात्री झोप. हे शेवटचं सगळ्यात जास्त चुकतं: लोक रात्रभर गाडी हाणत पोहोचतात आणि सकाळी थेट ट्रॅकवर. एक दिवस आधी पोहोचा, लॉजवर झोपा. दिवसभर पाणी आणि ओआरएस पीत राहा.

सीटवर कसं बसायचं? पाठ सीटला टेकलेली असताना हात सरळ केले की मनगटं स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर पडली पाहिजेत. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर.

मग येते सकाळची सूचनांची बैठक. तिथे मोबाइल खिशात ठेवा, कारण झेंडे तिथेच कळतात. पिवळा म्हणजे पुढे धोका: वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे फेरी थांबवलीय: घाबरून जागेवर ब्रेक मारायचा नाही, हळू होत पिटमध्ये यायचं. निळा म्हणजे मागे वेगवान गाडी आहे, तिला जाऊ द्या. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्ता निसरडा, बहुतेक ऑइल सांडलंय. ओव्हरटेक कुठे आणि कसा करायचा ते तिथले नियम ठरवतात. साधारणपणे सरळ पट्ट्यावर, पुढच्यानं हातानं इशारा दिल्यावरच. कुणाला पुढे जाऊ दिलं म्हणजे आपण हरलो असं नसतं. हरायला रेस आहेच कुठे?

आणि आता ट्रॅकवर. पहिल्या दोन-तीन फेऱ्या हळू. टायर गरम होऊ द्या, वळणं पाठ होऊ द्या. मग एवढंच करा: ब्रेक सरळ रेषेत, वळणाच्या आधी, जोरात मारा. स्टेअरिंग फिरवायला लागलात की ब्रेक हळूहळू सोडा. टायरकडे पकड ठरावीक असते. तीच थांबायला वापरायची किंवा वळायला. सगळी ब्रेकमध्ये खर्च केलीत तर वळायला काही उरत नाही. नजर पुढच्या गाडीच्या बंपरवर नाही, वळणाच्या आतल्या टोकावर आणि तिथून बाहेर. जिकडे नजर, तिकडे गाडी.

वळणात वेग जास्त झालाय असं वाटलं तर अॅक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलू नका. वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गर्रकन फिरते. फिरलीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरा. दोन चाकं कच्च्यावर उतरली, तर स्टेअरिंग आत ओढू नका. सरळ धरा, वेग कमी होऊ द्या, मग हळूच परत या.

शेवटची फेरी ब्रेक न वापरता, थंड करत चालवायची. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. मागचे ब्रेकही तापलेले असतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. आणि पेडल मऊ लागलं, काही जळल्याचा वास आला, किंवा नुसता कंटाळा आला, तरी थांबा. दमलेल्या माणसाच्या हातून शेवटच्या फेरीत चुका होतात. पैसे भरलेत म्हणून सगळ्या फेऱ्या मारल्याच पाहिजेत असं नाही.

आता कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला? ताम्हिणी आहे की रविवारी पहाटे! अरे, ताम्हिणीत समोरून दुधाचा टेम्पो येतो. तिथे पिवळा झेंडा दाखवायला कुणी उभं नसतं, चूक झाली तर बाहेर मोकळी जागा नसते, दरी असते. ट्रॅकवर तुमची चूक बहुतेक वेळा तुमच्यापुरती राहते. घाटात ती टेम्पोवाल्याच्या घरी पोहोचते.

ट्रॅकवर एक दिवस घालवला की हे शरीराला कळतं. पूर्ण जोरानं ब्रेक मारूनसुद्धा गाडी किती पुढे जाते, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की हायवेवर पुढच्या ट्रकपासून आपोआप अंतर राहतं. म्हणून पहिल्या दिवशी लॅप टायमर लावूच नका. संध्याकाळी एवढंच बघा: गाडी जशी आणली तशीच आहे, ब्रेक कधी आणि किती मारायचा ते सकाळपेक्षा जास्त कळतंय. एवढं झालं की दिवस वसूल.

निघताना नट, हवा, ब्रेक ऑइलची पातळी आणि पॅड बघा. रात्र तिथेच काढा, सकाळी निघा आणि घरी पोहोचल्याचा फोन करा. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. जपून चालवा!